सुधारित परिपत्रक

शाळेची मुक्कामी सहल विद्यार्थ्यांसाठी निघते, असा जो सार्वत्रिक समज आहे, तो सहलीच्या संमतिपत्रावर सही करणाऱ्या एकाही पालकाने अंतःकरणपूर्वक खरा मानलेला नसतो. आपला पाल्य तीन रात्री परगावी, शिक्षकांच्या ताब्यात, पोटभर जेवून आणि वेळेवर निजून सुखरूप राहणार आहे, अशी हमी शाळेच्या गोल शिक्क्यानिशी एकदा हाती पडली, की घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात ज्या नानाविध योजना अंकुरू लागतात, त्यांचा उच्चार ती मंडळी परस्परांजवळसुद्धा मोकळेपणाने करीत नाहीत, तोंडाने "मुलांना आपला वारसा कळायला नको का?" असे म्हणावयाचे आणि डोळ्यांनी मात्र दिनदर्शिकेवरचे ते चार चौकोन कुरवाळीत बसावयाचे, हा त्या दिवसांतला सर्वमान्य शिष्टाचार आहे. म्हणूनच सहलीच्या तारखा ऐनवेळी बदलल्या की मुले जेमतेम अर्धा तास हिरमुसतात आणि पालक मात्र आठवडाभर पेटलेले असतात, याचे मला आताशा आश्चर्य वाटेनासे झाले आहे.

आमच्या चिरंजीवांच्या इयत्तेची, म्हणजे आठवीची, सहल यंदा अजिंठा-वेरूळला जावयाची होती. पूर्वी पुण्यातल्या शाळांना सहल म्हटली की समुद्र आठवत असे. परंतु २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा जो करुण अंत झाला, त्यानंतर शिक्षण खात्याने सहलींचे नियम कडक केले, आणि ते केले हे उचितच झाले. समुद्र वर्ज्य ठरल्यावर मुख्याध्यापकांच्या दृष्टीने लेण्यांइतके निर्धोक स्थळ दुसरे नाही. हजार-दोन हजार वर्षे जागची न हललेली वस्तू आपल्याच सहलीच्या वेळी दगा देणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

त्या हिशेबाने सर्व कागद सिद्ध झाले. शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आली; एस.टी.च्या आगाराशी प्रासंगिक करार झाला (शालेय सहलीसाठी महामंडळ निम्म्या दराने गाडी देते, आणि उरलेल्या निम्म्याबद्दल पालक शाळेशी घासाघीस करतात). प्रत्येक मुलाचा वैद्यकीय दाखला, रक्तगट आणि दोन छायाचित्रे दप्तरी दाखल झाली. आणि सर्वांत शेवटी आले ते संमतिपत्र, ज्यात आपण आपल्या पाल्यास स्वखुशीने व कोणाच्याही दबावाविना पाठवीत असल्याची कबुली पालकाने द्यावयाची असते. हा मजकूर तयार करणाऱ्या गृहस्थाने, "सगळे चाललेत, मी एकटाच नाही," असे म्हणत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसलेला तेरा वर्षांचा मुलगा कधी पाहिला नसावा.

कार्यक्रम असा मुक्रर झाला होता: बुधवारी पहाटे प्रस्थान आणि संभाजीनगरला मुक्काम, गुरुवारी अजिंठा, शुक्रवारी वेरूळ व दौलताबाद, शनिवारी बीबी का मकबरा आणि पाणचक्की पाहून परत. सोबत न्यावयाच्या वस्तूंच्या यादीत सतरंजी, चादर, ताट-वाटी-पेला, कानटोपी यांच्याबरोबर, दौलताबादच्या किल्ल्यात 'अंधारी' म्हणून जो काळोखा भुयारी मार्ग आहे त्याच्यासाठी, एक विजेरीही होती. या विजेरीची चाचणी आमच्या घरी रोज रात्री पांघरुणाखाली इतक्या निष्ठेने चालली होती, की किल्ला दृष्टीस पडण्यापूर्वीच तिच्या सेलांनी मान टाकली. खाद्यपदार्थांचे खाते आमच्या मातोश्रींकडे. सहलीत जेवणाची सोय आहे, हे वाक्य त्यांनी परिपत्रकात वाचले. पण परिपत्रक लिहिणाऱ्याला प्रवासात भूक म्हणजे काय हे ठाऊक नाही, असे मत नोंदवून त्यांनी दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी आणि निम्मी इयत्ता तरून जाईल इतका चिवडा, असा बंदोबस्त सोमवारी दुपारीच पुरा केला. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर नाव, इयत्ता, तुकडी आणि "झाकण परत आणणे" अशी सक्त ताकीद लिहिली.

आणि सोमवारी संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअॅप समूहावर निरोप उमटला, की अपरिहार्य प्रशासकीय कारणास्तव सहल पुढील सूचनेपर्यंत तहकूब करण्यात येत आहे.

कारण खरोखरच अपरिहार्य होते. जिल्हा परिषदेची निवडणूक पुष्कळ अगोदर जाहीर झालेली होती. परंतु आपली शाळा महानगरपालिकेच्या हद्दीत असल्यामुळे तिच्याशी आपला संबंध नाही, या समाधानावर शाळा विसंबून राहिली. लोकशाहीला मात्र असल्या हद्दी ठाऊक नसतात. मतदानयंत्रे आणि कर्मचारी केंद्रांवर पोचवण्यासाठी आगारातल्या गाड्या हव्यात असा हुकूम निघाला. आणि गाड्या गेल्या त्या दिवशीच सहलीबरोबर जावयाच्या शिक्षकांपैकी निम्म्यांच्या हाती मतदान केंद्राध्यक्षपदाच्या नेमणुकीचे आदेश पडले. गाडी नाही आणि गुरुजीही नाहीत, अशा स्थितीत सहल काढावयाची तर ती मुलांनी स्वतःच काढावी लागली असती, आणि मुलांची त्याला पूर्ण तयारी होती.

यानंतर समूहावर जे घडले ते पाहण्यासारखे होते. या समूहावर कोणालाही स्वतःचे नाव नसते. अमक्याची आई, तमकीचे बाबा एवढीच प्रत्येकाची ओळख, आणि त्या आडोशामुळे अत्यंत मितभाषी माणसांनाही तेथे वक्तृत्वाचे झरे फुटतात. पहिल्या तासात सर्व हरकती उदात्त होत्या. मुलांच्या कोवळ्या मनावर आघात होईल, असे एकीने लिहिले. अभ्यासाचे वेळापत्रक कोलमडेल, असे एका वडिलांनी लिहिले, ज्यांना आपला मुलगा कोणत्या तुकडीत आहे हे समूहाच्या नावावरून समजत असे. एका वकील गृहस्थांनी कराराच्या भंगाचा प्रश्न उपस्थित केला. हिशेबतपासनीस असलेल्या एका मातेने, भरलेल्या रकमेवरील व्याजाचे काय, अशी विचारणा केली. प्रत्येक निरोपाखाली कोणी तरी दोन हात जोडल्याचे चित्र टाकी, त्याचा अर्थ अनुमोदन, निषेध, कृतज्ञता की नुसती उपस्थिती, याचा उलगडा कधीच होत नसे.

रात्री दहानंतर मात्र, जसजसे डोळे जड झाले तसतशी जीभ सैल झाली, आणि उदात्त हरकतींच्या पोटातून खरे कारण हळूहळू डोके वर काढू लागले. मुलांच्या कोवळ्या मनाची चिंता करणाऱ्या बाई चार दिवस माहेरी, सांगलीला, एकट्या जाणार होत्या. लग्नानंतर प्रथमच कोणाचेही दप्तर, डबा आणि गृहपाठ बरोबर न घेता. करारभंगवाल्या वकिलांनी कॉलेजातल्या मित्रांबरोबर लोणावळ्याला बंगला घेतला होता आणि त्याची आगाऊ रक्कम परत मिळणारी नव्हती. एका जोडप्याने नाटकाची तिकिटे काढली होती. एका सद्गृहस्थांनी तर, आपण काहीच ठरवले नव्हते, फक्त चार दिवस सकाळी साडेसहाचा गजर लावावयाचा नाही एवढेच ठरवले होते, असे इतक्या साधेपणाने लिहिले, की त्या निरोपाला मिळालेले हात मी मोजले नाहीत, परंतु ते सर्व मनापासून जोडलेले होते.

आमच्या घरची योजना रंगकामाची होती. चिरंजीवांची खोली रंगवावयाची तर चिरंजीव खोलीत नसले पाहिजेत, आणि सुटीच्या काळात ते दुसरीकडे कोठे नसतात. म्हणून रंगाऱ्याला बुधवारपासून बोलावले होते. तो गुणी माणूस, "लांबी सुकायला वेळ लागतो साहेब, मी सोमवारीच भिंती घासून ठेवतो," म्हणून दोन दिवस आधी आला, जुना रंग खरवडला, भेगा बुजवल्या, कपाटावर जुनी चादर टाकली, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन गेला. तो जिन्यात असतानाच वर सांगितलेला निरोप आला. त्या रात्री चिरंजीव पलंगासह दिवाणखान्यात मुक्कामाला आले, म्हणजे त्यांची सहल एका अर्थी ठरल्या वेळेच्या आधीच सुरू झाली. नाश्त्याला, जेवणाला आणि पुन्हा नाश्त्याला आम्ही दशम्या खाल्ल्या. मातोश्रींचे म्हणणे, दशमी टिकते. ती टिकते याचा अनुभव आम्ही शुक्रवारपर्यंत घेतला.

बुधवारी दुसरे परिपत्रक आले. निवडणूक आटोपून गाड्या व गुरुजी मोकळे होत असल्यामुळे सहल रविवारी निघेल, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, बुधवारी परत, बाकी कार्यक्रम पूर्ववत. समूहावर समाधानाचा सुस्कारा उमटला. मुलांनी पिशव्या पुन्हा भरल्या, म्हणजे पुन्हा भराव्या लागतील म्हणून त्या मुळात रिकाम्याच केल्या नव्हत्या. आणि गुरुवारी मध्यरात्रीच्या सुमारास, ज्या बाईंना व्याजाची चिंता होती त्यांनी, कोणत्याही प्रस्तावनेवाचून, दोन ओळी लिहिल्या: "अजिंठा लेणी दर सोमवारी बंद असतात. वेरूळ लेणी दर मंगळवारी बंद असतात."

आठवड्याच्या सात वारांतून अजिंठ्यासाठी सोमवार आणि वेरुळासाठी मंगळवार नेमका हुडकून काढणे हे नुसत्या निष्काळजीपणाचे काम नव्हे. त्याला काहीएक प्रतिभा लागते. एकशे चार किलोमीटर घाटवळणे पार करून, फर्दापुराजवळ एस.टी. उभी करून, कुलूप लावलेल्या फाटकासमोर वारशाचे दर्शन घ्यावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी तोच सोहळा वेरुळास पुन्हा करावयाचा, असा हा कार्यक्रम होता. मला त्या क्षणी जॉन स्मिथची आठवण झाली. मद्रास सैन्यातला हा इंग्रज अधिकारी १८१९ साली वाघाच्या शिकारीला वाघूर नदीच्या खोऱ्यात आला, आणि रानाने झाकलेली ही लेणी त्याला अवचित दिसली. दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर त्याने आपले नाव व तारीख खरडून ठेवली, जे कृत्य आज आमच्या मुलांनी केले तर शाळेतून दाखला हाती मिळेल. ती तारीख २८ एप्रिल. मी गणित करून पाहिले. तो बुधवार होता. बिचारा नशिबाचा थोर, ना परवानगी, ना परिपत्रक, आणि तरी योग्य वारी आला.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या सभागृहात पालकांची तातडीची सभा भरली. सहल रद्द करून पैसे परत द्यावे, असे काहींचे म्हणणे पडले. शिवनेरीला एका दिवसात जाऊन यावे, असे काहींचे. सहल आणखी दोन दिवस पुढे ढकलावी अशीही सूचना आली, तिच्याकडे सांगलीच्या बाईंनी ज्या नजरेने पाहिले त्या नजरेनेच ती मागे घेतली गेली. एका उत्साही पालकांनी तर, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याला सर्वांच्या सह्यांचे निवेदन देऊन लेणी सोमवारी खास उघडून घ्यावीत, असा ठराव मांडला आणि त्याला अनुमोदनही मिळाले. मुख्याध्यापक मोठ्या शांतपणे ऐकत होते. त्यांची अडचण निराळीच होती. शिक्षणाधिकाऱ्यांनी मंजूर केलेल्या कागदावर स्थळांचा क्रम अजिंठा, वेरूळ असा होता, आणि मंजूर क्रम हा त्यांच्या मते लेण्यांइतकाच कोरीव होता.

चर्चा अशी ऐन भरात असताना सहलप्रमुख बाईंनी गाडीची वेळ पक्की करण्यासाठी आगारात दूरध्वनी लावला. बोलता बोलता त्यांनी आपली कैफियत तेथील वाहतूक नियंत्रकांच्या कानी घातली, आणि बाईंचा ध्वनिवर्धक चालू राहिल्यामुळे पलीकडचे उत्तर साऱ्या सभेने ऐकले.

"अहो बाई, मुक्काम तिन्ही रात्री संभाजीनगरलाच ना तुमचा?"

"हो."

"मग सोमवारी वेरूळ करा, मंगळवारी अजिंठा. दर हिवाळ्यात दोन-तीन शाळा हेच विचारतात."

सभागृहात जी शांतता पसरली तीत एका बाकाचे कुरकुरणे तेवढे ऐकू आले. पुण्यातील विद्वान, विधिज्ञ, हिशेबतपासनीस आणि अभियंते यांनी मिळून जो प्रश्न दिवसभर लढवला होता, तो एका वाहतूक नियंत्रकाने पलीकडच्या खिडकीवर कोणाला तरी सुटे पैसे मागता मागता सोडवला होता. वकीलसाहेबांनी लगेच उठून, हा निर्णय सभेने एकमताने घेतला अशी नोंद इतिवृत्तात व्हावी, अशी मागणी केली. शनिवारी पुरवणी पत्रावर शिक्षणाधिकारी कार्यालयाचा शेरा मिळाला, आणि संध्याकाळी "सुधारित परिपत्रकातील दुरुस्ती" या मथळ्याचा तिसरा कागद समूहावर आला. तो मी जपून ठेवला आहे. मराठी गद्याचा असा नमुना रोज जन्माला येत नाही.

खरे पाहता ज्या मुलखात सहल चालली होती, त्या मुलखाला असल्या फेरफारांची सवय आहे. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी उचलून देवगिरीला आणली, तिचे दौलताबाद असे नामकरण केले, आणि पुढे काही वर्षांनी मंडळींना पुन्हा दिल्लीची वाट धरावयास लावले. इतिहासकार त्याच्या लहरीपणाला दोष देतात. मी या आठवड्यानंतर त्याच्याकडे जरा सहानुभूतीने पाहू लागलो आहे, कारण त्याच्या पदरी पालकांचा समूह नव्हता, आणि तरीही त्याची योजना फसली. याच्या उलट वेरूळच्या सोळाव्या लेण्याचे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कैलास मंदिराचे काम झाले ते कळसाकडून पायाकडे, एकाच अखंड खडकातून, वरून खाली कोरीत. वर एक हात चुकला तर खाली दुरुस्ती नाही. फोडलेल्या खडकाला पुरवणी जोडता येत नाही. त्या कारागिरांत एक जरी मनुष्य आमच्या शाळेच्या सहल समितीवर असता तर पहिले परिपत्रकच अखेरचे ठरले असते.

शनिवारी रात्री मात्र आणखी तीन निरोप आले. गाडी पाचऐवजी साडेपाचला निघेल. गाडी साडेपाचऐवजी साडेचारला निघेल, कृपया नोंद घ्यावी. आधीचा निरोप चुकीने गेला, पाचच. या तिन्हींपैकी आपल्याला हवा तो पालकांनी उचलला, आणि त्यामुळे शाळेच्या फाटकाशी पहाटे साडेचारपासून कानटोप्या जमू लागल्या. प्रत्यक्षात गाडी सहा वाजता आली. तिच्या दारात जे झाले त्याला मुलांची रांग म्हणणे धाडसाचे होईल. खिडकीची जागा मिळाली की जगातले सर्व फेरफार मुलाला मान्य असतात, हे तेथे प्रत्ययास आले. आमच्या चिरंजीवांनी ती मिळवली, आणि मग काचेतून आमच्याकडे असे पाहिले, की जणू निरोप द्यावयास आम्ही नव्हे, तर दुसरेच कोणी आले असावे. शेजारी उभ्या असलेल्या मातोश्रींनी उलटीवरच्या आवोमिनच्या गोळ्या खिशात आहेत ना, असे मोठ्याने विचारले. गाडीतली सर्व मुले "आहेत" म्हणाली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर आम्ही पालक तेथेच जरा वेळ उभे राहिलो. चार दिवस हाती होते आणि करावयास काही उरले नव्हते. लोणावळ्याचा बंगला गेला होता, नाटकाचा प्रयोग होऊन गेला होता, सांगलीच्या बाईंची रजा संपून त्या सोमवारी कचेरीत रुजू होणार होत्या. गजर न लावण्याची योजना आखलेले सद्गृहस्थ तेवढे प्रसन्न दिसले, पण त्यांनाही सवयीने सोमवारी सहाला जाग आलीच, असे त्यांनी नंतर समूहावर कळवले.

बुधवारी रात्री मुले परतली. काय पाहिले, असे मी चिरंजीवांना विचारले. अजिंठ्याच्या वाटेवर एका वानराने अख्खा चिवड्याचा डबा पळवला आणि झाकण मात्र टाकून दिले, अंधारीत वटवाघळे होती, आणि सर घोरतात, असे त्यांनी क्रमवार सांगितले. पद्मपाणी पाहिला का, यावर "हो, पहिल्या नंबरला होता," असे उत्तर मिळाले. ते पहिल्या क्रमांकाच्या लेण्याविषयी असावे, असे मी धरून चाललो. झाकण घरी आलेले पाहून मातोश्री संतुष्ट झाल्या.

रंगारी आलेला नाही. तो मतदानासाठी गावी गेला. गावच्या उमेदवाराने त्याला न्यावयास गाडी पाठवली होती, परत आणावयास पाठवली नाही, असे त्याच्या भावाकडून कळते. खोलीच्या भिंती लांबी भरून तयार आहेत, चिरंजीव अद्याप दिवाणखान्यात आहेत, आणि नववीच्या सहलीला पुष्कळ अवकाश आहे. पुणे शहराच्याच मतदारयादीत नाव असलेला एखादा चांगला रंगारी वाचकांपैकी कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.